लोककलेतले लोक

गणेशोत्सव जवळ आला की आखातातल्या जवळजवळ प्रत्येक मराठी मंडळात एक चर्चा हमखास होते. आरास, प्रसाद, अथर्वशीर्षाची आवर्तने, मुलांच्या स्पर्धा यांची वाटणी होते आणि मग सांस्कृतिक समितीतले कोणीतरी म्हणते, "या वर्षी लोकधारा बसवू या." वीस-पंचवीस मिनिटांत अख्खा महाराष्ट्र बसवायचा बेत ठरतो. वासुदेवाने पहाट करायची, दोघींनी जात्याशी बसायचे, कोळ्यांनी होडी वल्हवायची, धनगरांनी ढोल घेऊन एक फेरी मारायची, मध्ये एक लावणी (फार ठसकेबाज नको, समोर लहान मुले असतात), एक पोतराज आणि शेवटी टाळ-पताका घेतलेली दिंडी. संगीत ध्वनिमुद्रित असते. कपडे पुण्या-मुंबईहून कोणाच्या तरी सामानातून येतात. वासुदेवाची मोरपिसांची टोपी चुरगळू नये म्हणून विमानात मांडीवर घेऊन बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

हा कार्यक्रम मला मनापासून आवडतो, हे आधीच सांगून टाकते. अबुधाबीत जन्मलेली, घरी मराठी ऐकणारी आणि शाळेत इंग्रजी बोलणारी मुले महिनाभर तालमीला येतात, आजीची नऊवारी कशी नेसतात ते शिकतात, यात वाईट काही नाही. माझा प्रश्न या सगळ्याला आपण जे नाव देतो त्याविषयी आहे. आपण म्हणतो, "आम्ही परदेशात आपली संस्कृती जपतो." यातला "आपली" हा शब्द कितपत खरा आहे? आणि "जपणे" म्हणजे नेमके काय?

एका तालमीत सातवीतल्या एका मुलाला पोतराजाचे काम दिले होते. दोरीचा आसूड हवेत फिरवायचा आणि ध्वनिफितीतल्या आवाजाबरोबर अंगावर मारल्यासारखे करायचे, एवढेच काम. त्याने विचारले, "काकू, हा माणूस स्वतःला का मारून घेतो?" मरीआईचा नवस, देवीचा कोप, गावाची इडापिडा, असे जमेल तसे सांगितले. त्याचा दुसरा प्रश्न होता, "आणि मग त्याच्या मुलालाही हेच करावे लागते का?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "हो, पुष्कळदा" असे आहे. पोतराज बहुतांशी मातंग समाजातले. लहानपणीच देवीला सोडलेला मुलगा, त्याने केस कापायचे नाहीत, दारोदार आसूड ओढून घ्यायचे आणि बाईने डोक्यावर मरीआईचा देव्हारा घेऊन मागे चालायचे. ही प्रथा सुटावी, मुले शाळेत जावीत म्हणून समाजातल्याच कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. ते केस कापायला सांगत होते, आणि आपण येथे केसांचा टोप विकत आणतो. याला काय म्हणावे, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. पण त्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि मनात घोळले, ते वाचकांपुढे ठेवते.

सुरुवात थोडी लांबून करते. तेल आणि नैसर्गिक वायूच्या उद्योगामुळे अबुधाबीत जगभरची माणसे भेटतात. माझ्या यजमानांच्या कार्यालयात त्रिनिदादचे एक गृहस्थ होते. आडनाव भारतीय, नाव इंग्रजी, गेल्या चार पिढ्यांत भारत कोणी पाहिलेला नाही. एकदा ते गणपतीला आमच्याकडे आले होते. आरतीनंतर कोणीतरी ढोल-ताशाची ध्वनिफीत लावली, तसे ते एकदम सरसावून बसले आणि म्हणाले, "हे तर आमचे टासा!" गळ्यात अडकवायचा, कातड्याने मढवलेला, दोन काड्यांनी वाजवायचा ताशा त्यांच्याकडे लग्नात आणि मोहरमच्या मिरवणुकीत आजही वाजतो. वाजवण्यापूर्वी जाळावर कातडे तापवून ताणून घेतात. सोबतीला मोठा ढोल आणि झांज. आणि वाजवणाऱ्यांत भारतीय वंशाचे लोक असतात तसे आफ्रिकी वंशाचेही असतात.

वेस्ट इंडिज म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. पण त्या बेटांची लोकसंस्कृती हा आपल्या प्रश्नासाठी फार बोलका नमुना आहे, कारण तिथले जवळजवळ सगळेच लोक दुसरीकडून आलेले, आणि बहुतेक आपखुशीने न आलेले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. आणि गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर नेलेले. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज मजूर घेऊन त्रिनिदादला लागले आणि १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांच्या वर माणसे तिकडे गेली. त्यांतली बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारची होती. त्यांच्या गाठोड्यात काय असणार? एखादे रामचरितमानस, लग्नातली गाणी, ताशाचे ठेके.

आफ्रिकी वंशाच्या लोकांची कथा आणखी कडू आहे. कार्निव्हलच्या वेळी त्यांच्या ढोलांच्या आणि मशालींच्या मिरवणुका निघत. १८८१ मध्ये पोलिसांशी मोठी चकमक झाली आणि त्यानंतर काही वर्षांतच सरकारने कायद्याने ढोलांवर बंदी आणली. ढोल गेले, तशी माणसे बांबूचे लहान-मोठे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरू लागली. पुढे १९३० च्या सुमाराला बिस्किटांचे आणि रंगाचे डबे आले आणि नंतर तेलाची रिकामी पिंपे. पिंपाचा तळ ठोकून, खोलगट करून, त्याच्यावर वेगवेगळे स्वर काढता येतात हे या पोरांनी शोधून काढले. त्या काळी त्यांना सभ्य समाजात गुंडच समजत. १९५१ मध्ये त्यांच्यातल्या निवडक वादकांचा ताफा लंडनच्या महोत्सवात गेला, १९९२ मध्ये 'स्टीलपॅन' हे राष्ट्रीय वाद्य ठरले आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ११ ऑगस्ट हा त्याचा जागतिक दिवस ठरवला. तेलाचे रिकामे पिंप आपण येथे मुसफ्फाच्या कारखान्यांमागे किती वेळा पाहिले असेल! त्यातून कोणी स्वर काढील असे मनात तरी आले का?

या कथेत मला जाणवते ते असे की, ज्यांनी ढोल जपायचा म्हटला असता त्यांच्या हातात ढोल उरलाच नव्हता. वस्तू गेली. ताल राहिला, आणि त्या तालाने नवी वस्तू शोधली.

त्याच बेटावर आणखी एक प्रसंग घडला. सेंट लुशियाचे कवी डेरेक वॉलकॉट यांना १९९२ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. त्यांच्या त्या वेळच्या भाषणाची सुरुवात त्रिनिदादमधल्या फेलिसिटी नावाच्या खेड्यातल्या रामलीलेने होते. उसाच्या शेतांच्या कडेला, मोकळ्या मैदानात गावकरी मुले राम-रावणाचे सोंग घेऊन उभी होती. वॉलकॉट हे नाटककार. ते सुरुवातीला याच्याकडे नाटक म्हणून पाहात होते, आणि मूळ देशापासून तुटलेल्या लोकांचा क्षीण होत गेलेला वारसा म्हणून त्यांच्या मनात खंत होती. मग त्यांच्या लक्षात आले, की समोरच्यांना ते नाटक वाटतच नव्हते. ती त्यांची श्रद्धा होती, आणि तो त्यांचा आनंद होता. खंत पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होती.

परदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जरा मनावर घ्यायला हवे असे मला वाटते. आपण आपल्या मुलांकडे सतत "यांचे किती उणे झाले" अशा नजरेने पाहतो. मराठी अडखळते, पंचांग कळत नाही, ओवी-अभंगातला फरक कळत नाही. पण वजाबाकी करीत बसणाऱ्याला समोर काय उभे राहते आहे ते दिसत नाही.

त्रिनिदादपेक्षा आपल्या जवळचे उदाहरण मॉरिशसचे. तिथे १८३४ पासून करारावर मजूर नेले. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ती माणसे उतरली त्या 'आप्रवासी घाटा'ला २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या लाखो लोकांत मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणी-मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आज तिथल्या लोकसंख्येत अगदी थोडे आहेत, पण गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. टिळकांनी १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली. मॉरिशसमध्ये पश्चिमेकडच्या कास्काव्हेल गावात १८९६ पासून गणपती बसतो असे तिथले मराठी लोक अभिमानाने सांगतात. आणि त्या गणपतीपुढे काय होते? झाकरी! आपल्या रत्नागिरीकडची जाखडी.

ज्यांनी जाखडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. मध्ये गायक आणि ढोलकी-झांजवाले बसतात, भोवती पायात चाळ बांधून नाचणाऱ्यांचे कडे फिरते. गौरी-गणपतीच्या दिवसांत वाडीवाडीत रात्र जागते. मुंबईत चाकरीला आलेल्या कोकणी गड्यांच्या कानात बाळ्या असत म्हणून मुंबईकरांनी त्यांना 'बाल्या' म्हटले आणि त्यांच्या नाचाला 'बाल्या नाच'. यातही चेष्टाच होती. नाचणारे मुख्यतः कुणबी, भाताची लावणी आटोपून मोकळे झालेले. शक्ती आणि तुरा अशा दोन बाजू, एकीने सवाल टाकायचा, दुसरीने जबाब द्यायचा. शिव मोठा की शक्ती मोठी, हा वेदान्ताचा वाद चिखलाने फुटलेल्या पायांनी घातला जायचा.

मॉरिशसच्या मराठी घरांत आज बहुतेकांची बोलीभाषा क्रिओल आहे. मराठी शाळेत विषय म्हणून शिकतात. तरी झाकरी टिकली. व्याकरण गेले, शेती गेली, मधल्या काळात गावाशी पत्रव्यवहारही राहिला नाही, पण पायांनी लक्षात ठेवले. आता त्यांची झाकरी रत्नागिरीच्या जाखडीहून वेगळी दिसते, म्हणून कोणी तिला अशुद्ध म्हणेल. मी म्हणणार नाही. कारण ती नाचणारे हे ज्यांची ती कला होती त्यांचेच पणतू-खापरपणतू आहेत, आणि ते कोणाला दाखवण्यासाठी नाही, आपल्या गणपतीपुढे नाचतात.

येथे आपली आणि त्यांची परिस्थिती वेगळी होते, आणि माझ्या मते खरा प्रश्न येथेच आहे. मॉरिशसला गेला तो कुणबी स्वतः गेला. अबुधाबीला आलो ते आपण, म्हणजे अभियंते, हिशेबनीस, डॉक्टर, बँकेतले, शिक्षक. अपवाद असतील, आहेत. पण लोकधारेत आपण ज्यांची सोंगे घेतो, ते कोळी, धनगर, गोंधळी, वासुदेव, कोल्हाटी, ते आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचे नव्हेत. आपल्या आजोबांनी वासुदेवाच्या झोळीत पसाभर तांदूळ टाकले असतील, पण ते वासुदेवाला ओसरीच्या आत घेत होते का, हा प्रश्न आपण निवेदनात विचारत नाही.

कोणी म्हणेल, कला सर्वांची असते, तिला जातीच्या कुंपणात कशाला कोंडता? हे मला मान्य आहे. त्रिनिदादचा ताशा आफ्रिकी वंशाचा मुलगा वाजवतो याचा मला आनंदच झाला. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीसारख्या शाळांनी मुलांच्या हाती ढोल दिला आणि आज पथकांतून मुलीही कमरेला ढोल बांधून उभ्या राहतात, आमिरातीतही पथके निघाली आहेत, हेही चांगलेच. कला घेऊ नये असे माझे म्हणणे नाहीच. पण घेताना ज्याच्याकडून घेतली त्याचे नाव घ्यावे, आणि त्याची ओझी सोयीस्करपणे विसरू नयेत. त्रिनिदादचा तो आफ्रिकी मुलगा शेजारच्या घरी, त्याच अंगणात, शेजाऱ्याकडून शिकला. आपण ध्वनिफितीवरून शिकतो. शिकवणाऱ्याचे तोंड आपल्याला दिसत नाही.

लावणीचेच पाहा. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा, १९५७ आणि १९९० मध्ये, गौरव झाला. त्यांचे अखेरचे दिवस मात्र पैशांच्या ओढाताणीत गेले. २००२ मध्ये त्या वारल्या, आणि आता राज्य शासन त्यांच्या नावाने दरवर्षी तमाशा क्षेत्रातल्या ज्येष्ठ कलावंतांना पुरस्कार देते. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये आले. नाचणाऱ्या बाईचा मुलगा डॉक्टर होतो ही ती कथा, पण त्या यशापर्यंत पोहोचताना घरादाराकडून आणि समाजाकडून जे वाट्याला आले ते वाचवत नाही. आपल्या मुलीने मंडळाच्या मंचावर लावणी केली की आपण कौतुकाने टाळ्या वाजवतो. ते कौतुक खरे असते. पण शांताबाईंच्या मुलाला शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव विचारणारे आपणच होतो, तिथे आपण ती लावणी जपली नव्हती.

मग काय करावे? हे सगळे सोडून द्यावे? की उलट, जसे होते तसे सगळेच राखावे? दोन्ही उत्तरे सोपी आहेत म्हणून मला दोन्ही पटत नाहीत.

जात्याचे उदाहरण मला नेहमी आठवते. जात्यावरच्या ओव्या हा मराठी बायकांचा केवढा मोठा ठेवा! साने गुरुजी, दुर्गाबाई भागवत, सरोजिनी बाबर यांनी आपापल्या परीने या लोकसाहित्याचे मोल जाणले. १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटव्हाँ यांनी पुण्याच्या आसपासच्या डोंगरी भागापासून सुरुवात करून खेडोपाडीच्या बायकांच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर! पुढे त्यांचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या लोकांपुढे येत आहेत. प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव, तिचे गाव, जमेल तिथे तिचे छायाचित्र आणि तिने सांगितलेली तिची हकीगत.

आता पाहा, ही ओवी का थांबली? गावात विजेची गिरणी आली म्हणून. पहाटे चारला उठून पायली-पायली दळणाऱ्या बाईच्या हाताचे घट्टे गेले आणि तिच्याबरोबर गाणेही गेले. गिरणी येऊ नये होती असे म्हणणारी एक तरी बाई भेटेल का? मला नाही वाटत. गाणे हवे म्हणून जाते परत आणायचे, असा हट्ट करणाऱ्याने आधी महिनाभर स्वतः दळून पाहावे. म्हणजे कष्ट जायलाच हवे होते. पण त्या कष्टांत ती जे बोलली, सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट, मुलीच्या जन्माचे भय, ते गेले तर ती बाई जन्माला आलीच नव्हती असे होईल. राईरकर-पॉइटव्हाँ यांनी जाते जपले नाही, बाईचे म्हणणे जपले.

हा भेद मला फार उपयोगी वाटतो. सक्ती गेली तर जाऊ द्यावी. तिच्यासाठी डोळे ओले करू नयेत. पण सक्तीखाली जगलेल्या माणसाचा आवाज घासूनपुसून गोड करू नये. आपण मंचावर नेमके उलटे करतो. आसूड ठेवतो आणि पोतराजाचे गाऱ्हाणे काढून टाकतो. जात्याचे थर्माकोलचे चित्र ठेवतो आणि ओवी अशी निवडतो की जिच्यात सासूला वाईट वाटणार नाही.

ज्या देशात आपण राहतो त्यांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. येथल्या बदू बायका मेंढी, उंट आणि शेळीच्या केसांचे 'सदू' विणत. तंबू, खोगीर, उशा, सगळे त्याचेच. तेल आले, वस्ती स्थिरावली, मुली शाळेत आणि नोकरीत गेल्या, तंबूची गरज उरली नाही. २०११ मध्ये युनेस्कोने सदूला तातडीने जपण्याच्या वारशाच्या यादीत घातले. वातानुकूलित घर सोडून कोणी तंबूत परत जाणार नाही, आणि जावे असे कोणी म्हणतही नाही. पण कसर अल होस्नमधल्या कारागिरांच्या दालनात जा. बाई मागावर बसलेली असते, विचारले तर कोणता पट्टा कसा उचलायचा हे दाखवते. काचेच्या पेटीत नुसता गालिचा ठेवण्यापेक्षा हे बरे. बांबूच्या काठ्या घेऊन समोरासमोर दोन रांगांत उभे राहून करायची 'अयाला' २०१४ मध्ये ओमानबरोबर युनेस्कोच्या यादीत गेली. ती २ डिसेंबरला राष्ट्रीय दिनी होते, तशी लग्नातही होते, आणि लग्नात होते म्हणूनच ती जिवंत आहे असे मला वाटते. आखातातच 'लेवा' नावाचा ढोल-सनईचा नाच आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेल्या, कित्येक तर आणलेल्या, लोकांबरोबर तो येथे पोहोचला. म्हणजे अटलांटिकपलीकडे गेलेल्या आफ्रिकी ढोलाचा एक भाऊ अरबी समुद्राच्या या काठावरही वाजतो. मोत्यांसाठी समुद्रात उतरणाऱ्यांच्या नावांवर गाण्यासाठी खास गायक असायचा. १९३० च्या दशकात जपानी संवर्धित मोत्यांनी तो धंदा बुडवला. ती गाणी ऐकायला गोड वाटतात; त्या गाण्यांखाली दम कोंडलेली, सावकाराच्या कर्जात अडकलेली माणसे होती.

हे सर्व गंभीर झाले. आता जरा आनंदाचे सांगते. मंगळागौर. मूळ रीत अशी, की नव्या नवरीने लग्नानंतर पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी पूजा करायची, सवाष्णींना बोलवायचे आणि रात्र फुगडी, झिम्मा, पिंगा, लाट्या, कोंबडा अशा खेळांत जागवायची. त्या रात्री बायका मोकळ्या होत. पण त्या मोकळेपणालाही दाराशी राखण होती. कुमारिका कडेला, आणि विधवेला तर उंबराच नाही. आमच्या अबुधाबीच्या गटात आज पन्नाशीच्या बायका आहेत, लग्न न झालेल्या आहेत, यजमान गेलेल्या दोघी आहेत आणि एक मल्याळी शेजारीण आहे, जिचा 'किस बाई किस' आमच्या कोणाहीपेक्षा चांगला होतो. मंगळवारची सुट्टी मिळत नाही म्हणून २०२१ पर्यंत शुक्रवारी जमायचो, आमिरातीची साप्ताहिक सुट्टी बदलल्यापासून शनिवारी जमतो. शास्त्र बुडाले म्हणणारे आहेत. त्यांना मी एवढेच विचारते, की यातले नेमके काय बुडाले? मला विचाराल तर बुडायला हवे होते तेच बुडाले.

त्रिनिदादच्या हिंदू बायकांचे असेच झाले. लग्नाच्या आधी 'माटीकोर' नावाचा विधी असतो, त्यात फक्त बायका, ढोलकी, आणि पुरुषांसमोर म्हणता न येणारी गाणी. त्या गाण्यांच्या चालीतून आणि कार्निव्हलच्या ठेक्यातून 'चटणी' नावाचे संगीत तयार झाले. १९८० च्या दशकात द्रुपती रामगुणाई यांच्यासारख्या गायिकांनी ते उघड्या मंचावर नेले, तेव्हा संस्कृती बुडाली म्हणून समाजातल्याच प्रतिष्ठितांनी हाकाटी केली. आज तेच संगीत ही त्या बेटावरच्या भारतीयांची ओळख आहे. मात्र बंद दाराआड बायका एकमेकींना जे सांगत ते मंचावर उरले का, हेही विचारायला हवे. मंच काही देतो तसे काही घेतोही. आमच्या मंगळागौरीची स्पर्धा झाली त्या वर्षी सात मिनिटांची मर्यादा होती आणि वेशभूषेला दहा गुण होते. सात मिनिटांत घाम येतो, पण मन मोकळे होत नाही.

त्रिनिदादमध्ये १९६३ पासून पंतप्रधानांच्या नावाची खेडेगावांची मोठी स्पर्धा सुरू झाली. लोकनृत्ये, लोकनाट्य, गाणी विसरली जाऊ नयेत हा हेतू. हेतू उत्तमच होता, आणि लहान गावांना त्यामुळे मान मिळाला. पण स्पर्धा म्हटली की वेळ, गुण, परीक्षक आले, आणि परीक्षकाला आवडते तेच "अस्सल" ठरू लागते. आपल्याकडेही शहरातल्या आंतरशालेय स्पर्धेतला कोळी आणि वरसोव्याचा कोळी यांची गाठ पडली तर ते एकमेकांना ओळखतील की नाही, मला शंका आहे. मीना झायेदच्या बंदरात लाकडी होड्यांवर जाळी दुरुस्त करीत बसलेले आपल्या देशाचे खलाशी आपण सुट्टीच्या दिवशी सुरमई घ्यायला जातो तेव्हा पाहतो. कोळीनृत्य करणाऱ्या मुलांना एकदा तिथे नेऊन त्या माणसांशी पाच मिनिटे बोलू द्यावे, ही सूचना मी समितीपुढे ठेवली आहे. अजून "विचार करू" या अवस्थेत आहे.

तीन-चार गोष्टी मात्र आम्ही काही जणींनी करायला घेतल्या आहेत. निवेदनात प्रत्येक प्रकाराआधी तो कोणाचा, कोठला, आज ते लोक काय करतात हे सांगायचे. "आपली समृद्ध परंपरा" एवढ्यावर भागवायचे नाही. भारतातून लोककलावंत बोलावले तर त्यांना मानधन, राहणे आणि जेवण यांत चित्रपटातल्या पाहुण्यांच्या पंगतीला बसवायचे. (गायकाला तारांकित हॉटेल आणि ढोलकीवाल्याला कोणाच्या तरी हॉलमध्ये गादी, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. कोठे, ते सांगत नाही.) पोतराजाचे काम ठेवायचे की नाही यावर मतभेद झाले. शेवटी त्या मुलानेच सुचवले तसे केले. आसूड जमिनीवर ठेवून तो आधी दोन मिनिटे बोलतो, त्याचा बाप काय करायचा आणि त्याला काय व्हायचे आहे ते सांगतो. एक-दोघांना ते भाषणबाजी वाटली. मला नाही वाटली.

आणि तिसरी गोष्ट आजींची. थंडीच्या दिवसांत कितीतरी घरांत आई, सासूबाई, आजी दोन-तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात. दुपारभर बाराव्या मजल्यावरच्या खिडकीतून कॉर्निशकडे पाहात बसतात. त्यांच्याकडे काय आहे हे पुष्कळदा घरच्यांनाही ठाऊक नसते. साताऱ्याकडच्या अशा एका आजींकडे आम्ही फोन समोर ठेवून बसलो. जाते नाही म्हटल्यावर त्यांना सुरुवात सुचेना. मग सुनेने मिक्सरजवळ बसवून हातात वरवंट्याऐवजी लाटणे दिले, तशी पहिली ओवी आली. दीड तासात एकोणचाळीस ओव्या झाल्या. त्यांतल्या अकरा सासूविषयी होत्या आणि त्या म्हणताना आजी सुनेकडे पाहून हसत होत्या. त्यांचे नाव आणि गाव लिहून घेऊ लागलो तर म्हणाल्या, या सगळ्या माझ्या नव्हेत. निम्म्या त्यांच्या आत्याच्या, जी तरुणपणीच गेली. काही शेजारच्या मांगवाड्यातल्या एका बाईच्या, जी यांच्या घरी दळायला येत असे. आत्याचे नाव त्यांनी लगेच सांगितले. त्या दुसऱ्या बाईचे नाव त्यांना आठवेना, आणि ते आठवत नाही याचे त्यांना फार वाईट वाटले. दोन दिवसांनी सकाळी सातला त्यांच्या सुनेचा फोन आला, आईंना नाव आठवले आहे, आत्ताच्या आत्ता लिहून घ्या म्हणतात.